वय वर्षे साडेतीन आणि पुढे

मार्च संपत आला की आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्राचं वजन वाढतं. बातम्या असतात तेवढ्याच, पण घडी उलगडली की आतून हँडबिलं गळायला लागतात. क्रिकेट, फुटबॉल, स्केटिंग, तायक्वांदो, तलवारबाजी, झालंच तर संस्कार वर्ग. पूर्वी मी या कागदांवर फक्त फी बघायचो. हल्ली वय बघतो. फी दरवर्षी वर जाणार हे धरूनच चालायचं असतं. पण वय दरवर्षी खाली येतंय, आणि ते कुठे जाऊन थांबणार याची मला उत्सुकता आहे. आधी ‘८ ते १६’ असायचं. मग ६ झालं, मग ५. यंदा एका गुळगुळीत रंगीत कागदावर ‘प्रोफेशनल क्रिकेट कोचिंग : वय वर्षे साडेतीन आणि पुढे’ असं छापून आलंय. त्यातल्या ‘साडे’वर मी चहा निवेपर्यंत विचार केला. तीन वर्षांच्या मुलात अशी कोणती उणीव असते, जी पुढच्या सहा महिन्यांत भरून निघते? बहुधा डायपर सुटत असावा.

मी शिवाजी पार्कच्या जवळ राहतो. बहिणीची आणि मेहुण्यांची नोकरी संध्याकाळी उशिरा सुटते, त्यामुळे भाच्याला नेटवर सोडायचं आणि परत आणायचं काम माझ्याकडे असतं. मधले दोन तास मी कट्ट्यावर बसतो. या कट्ट्यावर पूर्वी निवृत्त माणसं, प्रेमात पडलेली माणसं आणि राजकारणावर बोलणारी माणसं बसायची. आता पालक बसतात, आणि बाकीच्या तिन्ही जमातींना जागा शोधावी लागते. पालकांना इथे स्वतःचं नाव नसतं. ‘लेगस्पिनची आई’, ‘विकेटकीपरचे बाबा’, ‘ओपनरचे आजोबा’ एवढ्या ओळखीवर वर्षानुवर्षं निघतात. मी ‘लेफ्ट आर्म फास्टचा मामा’. भाचा अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या ‘फास्ट’बद्दल माझं स्वतंत्र मत आहे, पण फुकट मिळालेली पदवी कोण परत करतो?

कट्ट्यावर नवीन पालक आला की त्याला पहिला प्रश्न येतो तो एकच : “सुरुवात कितव्या वर्षी केली?” वधूपक्षाने मुलाचा पगार विचारावा तशा सुरात हे विचारलं जातं, म्हणजे सहज, पण कान टवकारून. मागे एक बाई आल्या. मुलगा आत्ताच आठ पूर्ण करून पहिल्यांदा मैदानावर आलाय, असं त्यांनी आनंदाने सांगितलं. कट्ट्यावर शांतता पसरली. लेगस्पिनच्या आईने पाण्याची बाटली उघडून पुन्हा बंद केली. शेवटी ओपनरच्या आजोबांनी मोठ्या मनाने त्या बाईंची समजूत घातली, “असू दे हो. फिल्डिंगला घेतील.”

या साडेतीनवाल्यांची बॅच बघण्यासारखी असते. हेल्मेट घातलं की मूल दिसेनासं होतं आणि पॅड कमरेपर्यंत येतात, त्यामुळे नेटमध्ये एक हेल्मेट आणि दोन पॅड उभे आहेत आणि आतून कुणीतरी “आई, शू” म्हणतंय असा देखावा असतो. सर प्लास्टिकचा चेंडू हळूच टाकतात आणि ओरडतात, “बॉलकडे बघ!” मूल आज्ञाधारकपणे बॉलकडे बघतं. बॉल शेजारून जातो, तरी बघत राहतं. मागच्या नेटला लागतो, तिकडे वळून बघतं. सूचनेत बॅटचा उल्लेख नव्हता. दुसरं एक मूल स्टंप उपटून त्याने मातीत विहीर खणत असतं. तिसरं मिड-ऑफला उभं असतं, आणि पार्कात येणारी सगळी कुत्री त्याच्या ओळखीची झालेली असतात. हा प्रकार चालू असताना त्यांचे बाबा मात्र मोबाइल आडवा धरून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करत असतात. रात्री ते घरी बघतात, “हा बघ, फ्रंट फूट कसा आलाय.” तो फ्रंट फूट मी प्रत्यक्ष पाहिलेला असतो. मूल अडखळून पडण्याच्या बेतात असतं.

गेल्या वर्षीपर्यंत हे सगळं त्यातल्या त्यात सबुरीने चाललं होतं. मग २८ एप्रिल २०२५ उजाडला. समस्तीपूरच्या वैभव सूर्यवंशीने जयपूरला गुजरात टायटन्सच्या गोलंदाजांविरुद्ध ३५ चेंडूंत शतक मारलं. वय १४ वर्षं ३२ दिवस. त्याआधीच्या लिलावात राजस्थान रॉयल्सने त्याला १ कोटी १० लाखांना घेतलं होतं, तेव्हा तर तो तेराचाच होता. त्या रात्री देशभर लोक आनंदाने ओरडत असताना आमच्या कट्ट्याच्या पोटात गोळा आला होता. कालपर्यंत “बारा वर्षांचा आहे, लहान आहे हो अजून” असं म्हणणारी माणसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणायला लागली, “बारा झाली. दोनच वर्षं राहिली.”

विकेटकीपरचे बाबा आयटीत आहेत. त्यांनी त्याच आठवड्यात लॅपटॉप आणून कट्ट्यावर एक्सेलची शीट उघडली. त्यांच्या वाचनात कुठेतरी ‘दहा हजार तास’ आले होते. कोणत्याही विद्येत १०,००० तास सराव केला की माणूस त्यात पारंगत होतो, असा हा सिद्धान्त. “रोज तीन तास धरा,” ते म्हणाले, “वर्षाचे १,०९५. म्हणजे साधारण नऊ वर्षं. चौथ्या वर्षी सुरू केलं तर तेराव्या वर्षी पोरगा लिलावाला तयार.” गणित बिनचूक होतं. फक्त त्यात शाळा, गोवर, गणपती आणि मुंबईचा पाऊस धरलेला नव्हता.

आता मी त्यांना हेही सांगू शकलो असतो की हे दहा हजार तास आले ते व्हायोलिन वाजवणाऱ्यांकडून. अँडर्स एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला, आणि त्यांतल्या उत्तम वादकांचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी तेवढा भरला. काहींचा बराच कमी होता. माल्कम ग्लॅडवेलने २००८ मध्ये पुस्तक लिहून त्या सरासरीचा नियम करून टाकला आणि एरिक्सन पुढे अनेक वर्षं “अहो, मी असं म्हटलंच नव्हतं” हे सांगत राहिला. त्या अभ्यासात लेगस्पिन टाकणारा एकही विद्यार्थी नव्हता. पण एक्सेलमध्ये हिरवा रंग भरलेल्या माणसाशी वाद घालू नये.

शिवाजी पार्कात बसून सचिनचं नाव निघणार नाही असं होत नाही, आणि ते कसं निघतं हे ऐकण्यासारखं असतं. प्रत्येक पालक सचिनची गोष्ट सांगतो आणि तिच्यातलं वय मात्र गाळतो. अजित तेंडुलकर धाकट्या भावाला रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन आला ते १९८४ मध्ये, म्हणजे सचिन अकरा वर्षांचा होता. आजच्या हिशेबाने फिल्डिंगला घेण्याच्याही पलीकडे. तोपर्यंत तो गल्लीत टेनिस बॉलने खेळायचा, टेनिसवाल्या मॅकेन्रोचा भक्त म्हणून केस वाढवून कपाळाला पट्टी बांधायचा आणि शाळेत नव्याने आलेल्या पोरांशी मारामाऱ्या करायचा. हा दंगा जरा कमी व्हावा, हाही त्याला मैदानावर आणण्यामागचा एक हेतू होता म्हणतात. सरांसमोर पोरगा बावचळला, तेव्हा अजितने विनंती केली की सर, तुम्ही जरा लांब झाडाआड उभे राहून बघा. सर झाडाआड गेले, पोराने मोकळेपणी बॅट फिरवली, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आता पार्कात सर उघड्यावर असतात आणि झाडाआड बाप उभे असतात. प्रत्येक झाडाआड निदान दोन. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या हातात भिजवलेल्या बदामांचा डबा.

नीरज चोप्राचंही तेच. टोकियोत २०२१ मध्ये ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण आणलं, तो पानिपतच्या स्टेडियमवर पहिल्यांदा गेला तेव्हा भाला कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. पोरगा फार जाड झालाय, थोडा बारीक होऊ दे, एवढ्यासाठी घरच्यांनी पाठवला होता. मला तर या थोर माणसांच्या चरित्रांतून एकच क्रीडाशास्त्र दिसतं : घरच्यांना कार्टं तासभर घराबाहेर हवं होतं. आमच्या लहानपणी हे शास्त्र प्रत्येक आईला अवगत होतं. “जा, खेळ जा, आणि दिवेलागणीशिवाय तोंड दाखवू नकोस,” हा तिचा संपूर्ण अभ्यासक्रम. आता पोर मैदानात जातं तेव्हा आई, बाबा, आजोबा आणि मामा मागोमाग जातात, म्हणजे घर रिकामं होतं आणि पोराला एकांत मिळतो तो फक्त बाथरूममध्ये.

अर्थात उलट बाजूचे दाखलेही कट्ट्याला पाठ आहेत. टायगर वूड्स दोन वर्षांचा असताना १९७८ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर येऊन गोल्फची काठी फिरवून गेला, हे मला तीन वेगवेगळ्या बापांनी सांगितलंय. रॉजर फेडरर मात्र स्क्वॉश, बॅडमिंटन, बास्केटबॉल, फुटबॉल असं सगळं खेळत हिंडला आणि बऱ्याच उशिरा फक्त टेनिसवर स्थिरावला, हे मी सांगितलं तेव्हा लेगस्पिनची आई म्हणाली, “त्याची आई टेनिस कोच होती ना?” होती. पण तिने पोराला शिकवायला नकार दिला होता. हा भाग ऐकायच्या आत त्या बाई पोराचा खांदा अठ्ठेचाळीस अंशांत आहे की पंचेचाळीस, हे बघायला नेटपाशी गेल्या होत्या.

आणि खरं सांगायचं तर काही खेळांत लवकर सुरुवात करावीच लागते. जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग, आपला मल्लखांब. शरीर हलकं आणि लवचीक असतं, आणि पडण्याची भीती हा प्रकार डोक्यात शिरलेला नसतो, तेवढ्यात अंगाला ती वळणं लावून घ्यायची असतात. आगरतळ्याची दीपा कर्माकर सहाव्या वर्षी सुरू झाली, तीही सपाट तळवे घेऊन, आणि रिओत २०१६ मध्ये व्हॉल्टच्या प्रकारात चौथी आली. नादिया कोमानेचीने मॉन्ट्रियलला १९७६ मध्ये दहापैकी दहा मिळवले तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आणि फलकाला दहा दाखवताच येत नव्हते म्हणून त्याने १.०० दाखवले. पण त्यानंतर पोरींचं वय इतकं खाली सरकायला लागलं की खेळ चालवणाऱ्यांनाच धास्ती पडली, आणि १९९७ पासून सोळाव्या वर्षाची अट आली. बुद्धिबळातही लहान वय चालतं. तिथे निदान गुडघा दुखत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या क्लब हाऊसमध्ये पाच-पाच वर्षांची पोरं घोडा अडीच घरं चालवतात आणि उंट खातात. खातात म्हणजे खरंच तोंडात घालतात.

पण कट्ट्याला अविनाश साबळे पचत नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. बारावी झाला, सैन्यात ५ महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहून आला, आणि विशी ओलांडल्यावर शर्यतींत उतरला. ३,००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून कुणी मोडला नव्हता, तो याने २०१८ मध्ये मोडला आणि नंतर स्वतःचाच पुन्हा पुन्हा मोडत बसला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. मी हे सांगितल्यावर विकेटकीपरच्या बाबांनी एक्सेलमध्ये रकाना शोधला. “पण लहानपणी काहीतरी ट्रेनिंग असेलच की.” होतं ना. शाळा सहा किलोमीटरवर होती आणि जायला गाडी नव्हती, म्हणून तो चालत, पळत जायचा.

“म्हणजे स्कूलबस बंद करायची म्हणता?” त्यांनी गंभीरपणे विचारलं आणि शीटवर टाइप केलं. त्यांच्या मुलाची शाळा घरासमोर आहे. मधे एक सिग्नल.

कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसहून २०२४ मध्ये नेमबाजीचं कांस्य घेऊन आला. तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला २००९ मध्ये, चौदाव्या वर्षाच्या आसपास. तिथे पहिलं वर्षभर नुसती अंगमेहनत करून घेतली आणि मग म्हटलं, आता एक खेळ निवड. त्याने बंदूक निवडली. मला हा क्रम फार आवडतो. आधी शरीर, मग आवड, मग खेळ, मग सामान. आमच्याकडे सामान आधी येतं. सहा वर्षांच्या पोराला इंग्लिश विलोची बॅट येते, पुढच्या वर्षी ती आखूड पडते, मग एक नंबर वरची येते, मग ‘हॅरो’ येते. घरात बॅटींची अशी एक वंशावळ उभी राहते, आणि आजोबा त्यांतली सगळ्यात धाकटी काठी म्हणून धरून गॅलरीत कबुतरं हाकलतात.

दरम्यान आमच्या लेफ्ट आर्म फास्टची टाच दुखायला लागली. हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत पूर्वी संधिवाताचे आजी-आजोबा असायचे; आता किटबॅगा असतात. डॉक्टरांनी टाच दाबली, भाचा ओरडला, आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. तिथून हाड लांब होत असतं आणि तीच जागा सगळ्यात नाजूक असते. टाचेला मागून पोटरीचा स्नायू सारखा ओढत राहिला की ती दुखावते. विश्रांतीने बरं होतं. गुडघ्याखाली, कोपराला, वेगवान टाकणाऱ्यांच्या पाठीलासुद्धा असंच काही ना काही होतं, आणि वर्षभर एकच खेळ, एकच हालचाल करणाऱ्यांना जास्त होतं. “दोन-तीन खेळ खेळू दे,” ते म्हणाले. “एकाच खेळाच्या मागे लागायचं ते पंधरा-सोळाच्या पुढे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. आणि तोपर्यंत एक साधा हिशेब ठेवा. वयाचा जो आकडा असेल, त्याहून जास्त तास ट्रेनिंग नको.”

हे मी कट्ट्यावर जसंच्या तसं सांगितलं.

“म्हणजे सात वर्षांचा असेल तर सात तास चालतील?” लेगस्पिनच्या आईचे डोळे चमकले. “आमचे तर रोज चारच होतात.”

“आठवड्याला,” मी म्हटलं.

एवढी दुःखी झालेली स्त्री मी त्यानंतर पाहिलेली नाही.

मग मी मुद्दाम नॉर्वेचा विषय काढला. त्या देशाच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी नियमच करून ठेवलेत. अकरा वर्षांच्या आत गुणतक्ते नाहीत, क्रमवारी नाही. राष्ट्रीय स्पर्धा तेराच्या आधी नाही. पोराने कोणता खेळ किती खेळायचा ते पोराने ठरवायचं. आणि या आळशी लोकांनी, लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास असताना, बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं नेली, सगळ्या जगात सर्वाधिक. कट्टा बराच वेळ विचारात पडला. मग ओपनरचे आजोबा म्हणाले, “ते सगळं ठीक आहे, पण मग तिथल्या आई-बापांना कळतं कसं, आपला पुढे आहे की शेजारचा?” याला नॉर्वेकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही.

सुरुवातीचं वय ठरलं तरी जन्मतारखेचा घोळ उरतोच. कॅनडातल्या एका मानसशास्त्रज्ञाला १९८० च्या दशकात दिसलं की तिथल्या आइस हॉकीत वर चढलेली बरीच पोरं जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली असतात. कारण वयोगट १ जानेवारीला मोजतात. जानेवारीतलं पोर त्याच गटातल्या डिसेंबरमधल्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, म्हणून दांडगं, म्हणून त्याची निवड होते, म्हणून त्याला चांगला कोच मिळतो आणि शेवटी ते खरंच चांगलं खेळायला लागतं. आपल्याकडे ज्युनियर क्रिकेटचं वय १ सप्टेंबरला मोजतात. हे कळल्यापासून ऑफस्पिनची आई, जी दुसऱ्यांदा गरोदर आहे, जरा अस्वस्थ आहे. डॉक्टरांनी तारीख दिली आहे २८ ऑगस्ट. “चार दिवस कळ काढता येईल का?” असं तिने विचारल्याचं ऐकतो. डॉक्टरांना वाटलं, मुहूर्ताचा प्रश्न आहे. ते म्हणाले, हल्ली सगळेच विचारतात.

महाराष्ट्रात खरं तर हा प्रश्न आपल्या गुरुजींनी फार पूर्वी सोडवला होता. गावाकडे पोराला शाळेत घालायला बाप आला, की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? “पटकीच्या साथीच्या वर्षी, कापणी चालू होती बघा.” गुरुजी दौतीत टाक बुडवून लिहायचे, १ जून. सगळ्यांची १ जून. आमच्या वडिलांच्या पिढीतले निम्मे लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले, आणि अजूनही त्या दिवशी व्हॉट्सॲपवर केकांचा पूर येतो. गुरुजींची ही समता क्रिकेट बोर्डाला मान्य नाही. तिथे आता ज्युनियर मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. म्हणजे दाखला काहीही म्हणो, मनगट खरं बोलतं. आमच्या एका ओळखीच्यांचा मुलगा दाखल्यावर चौदाचा आणि मनगटावर सोळाचा निघाला. त्याच्या आजीने एक्स-रे हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाली, “माझ्यावर गेलाय. माझी हाडंपण पहिल्यापासून मोठीच.”

तर कधी सुरू करायचं यावर हा असा खल दोन-दोन तास चालतो. कधी थांबायचं यावर मात्र कट्ट्यावर मी एकदाही चर्चा ऐकलेली नाही. तिथे मतभेदच नाहीत. ते वय ठरलेलं आहे, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि ते कुठल्या शास्त्रज्ञाने नाही, परीक्षा मंडळाने ठरवलंय. “यंदा दहावी आहे.” एवढं एक वाक्य उच्चारलं की पुढे कुणी काही विचारत नाही. नववीच्या दिवाळीपासून पोरं गळायला लागतात. साडेतीनची बॅच भरून वाहत असते, आठवाल्यांच्या दोन बॅचेस कराव्या लागतात, बारावाल्यांत निवडीला जागा असते, आणि पंधरावाल्यांत नेटमध्ये बोलर दोन आणि बॅट्समन एक. मग सरच कीपिंगला उभे राहतात. म्हणजे डॉक्टर ज्या वयात म्हणतात की आता मन लावून सुरू करा, नेमक्या त्याच वयात आमच्याकडे मन लावून बंद होतं. मधली दहा-बारा वर्षं पोराने जे काही केलं ते अगदी वरच्या पातळीपर्यंत गेलं तर दहावीला जास्तीत जास्त २५ गुण सवलतीचे मिळतात. एका बाबांनी हिशेब मांडून मला दाखवला होता, बॅटी, पॅड, फी, रिक्षा, बदाम धरून एक गुण केवढ्याला पडला. तेवढ्यात इतिहास-भूगोलाला दोन शिकवण्या लागल्या असत्या.

गेल्या जूनमध्ये विकेटकीपर दहावीत गेला. सरावाला नऊ वर्षं झाली होती, मागचे तास भरून एक्सेलचे सगळे रकाने हिरवे झाले होते. एका उन्हाळ्यात तो वीतभर वाढला होता. आवाज फुटला होता, आणि लेग साइडला जाणारा चेंडू तो आता असा गोळा करायचा की बॅट्समन बाद झाल्यासारखं वाटायचं. सर मुद्दाम कट्ट्यापर्यंत चालत आले. हे ते फार कमी वेळा करतात.

“बाबा, याचे हात आत्ता कुठे तयार व्हायला लागलेत. दोन वर्षं द्या मला.”

“सर, मार्चपर्यंत थांबा. मग मोकळाच आहे तो.”

“मार्चनंतर?”

“मार्चनंतर अकरावी. म्हणजे सीईटी. मग बारावी. त्यानंतर अगदी निवांत.”

सर काही बोलले नाहीत. त्यांनी असे किती तरी निवांत बघितले असणार.

किटबॅग घरी गेली आणि माळ्यावर चढली. पण विकेटकीपरच्या बाबांना रात्री झोप येईना. आत जवळजवळ कोरी इंग्लिश विलो होती, पूर्ण मापाची, जेमतेम तेल पाजून नॉकिंग केलेली. विकायला काढली तर निम्मेसुद्धा येईनात. आणि पोरगा एवढा उंच झाला होता की पॅडसुद्धा बाबांच्या मापाचे होते. वस्तू वाया जाते हे मराठी माणसाला सहन होत नाही. ऑफिसातल्या लोकांची माहीमजवळच्या टर्फवर दर रविवारी सकाळी मॅच असते, तिथे त्यांनी नाव दिलं. नवी शीट उघडली. पहिल्या रविवारी हेल्मेट, गार्ड, पॅड, ग्लोव्हज, सगळं चढवून ते टेनिस बॉलला सामोरे गेले. दुसऱ्या चेंडूवर एक चोरटी धाव घ्यायला निघाले आणि अर्ध्यात बसले. मीच गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं, कारण वाट मला माहीत होती.

डॉक्टरांनी मांडी दाबली. विकेटकीपरचे बाबा ओरडले.

“वय?”

“सेहेचाळीस.”

“खेळायला सुरुवात कितव्या वर्षी केलीत?”

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “सकाळी साडेसातला.”